वाकता येईल तेवढंच

(यंदाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही शब्द स्मरणिकेसाठी नीट केले आहेत, बाकी तसेच ठेवले आहेत.)



या दिवशी इथे दरवर्षी बाहेरगावचा वक्ता असतो. यंदा नागपूरहून येणारे व्याख्याते ऐनवेळी आजारी पडले, म्हणून सचिवांनी परवा रात्री मला फोन केला. म्हणाले, "काका, तुम्ही योगावर बोला." मी म्हटलं, "अरे बाबा, मी योगाचार्य नाही. भिलाईच्या रेल मिलमध्ये सदतीस वर्षं मेंटेनन्स केलेला माणूस आहे." तर म्हणतात, "मग शरीराच्या मेंटेनन्सवर बोला, तेवढंच चालेल." म्हणून उभा आहे. तासभर बोलणार नाही, घाबरू नका. प्रसादाला उशीर होणार नाही याची हमी सौ.ने आधीच घेतली आहे.

योगाची महती मी सांगणार नाही. ती टीव्हीवर रोज सकाळी ऐकायला मिळते. मी सांगणार आहे ते नवशिक्याबद्दल. म्हणजे ज्याने पन्नाशीपर्यंत काही केलं नाही आणि मग एकदम चटई विकत आणली, त्याच्याबद्दल. हा प्राणी मला चांगला ठाऊक आहे, कारण तो मीच होतो.

आमचे वडील अमरावतीचे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्याच्या मातीत वाढलेले. ते मंडळ १९१४ सालचं. वडील १९६० मध्ये इथे नोकरीला आले, तेव्हा पहिली भट्टी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या अंगणात ते रोज सूर्यनमस्कार घालायचे. त्या पिढीवर औंधच्या पंतप्रतिनिधींचा मोठा पगडा होता. भवानराव महाराजांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यावर पुस्तकं लिहिली. वडील आम्हा भावंडांना पहाटे उठवायचे आणि आम्ही बाथरूममध्ये जाऊन तिथेच झोपायचो. घरात चालत आलेली गोष्ट माणूस फुकट समजतो. आम्हीही तेच केलं.

त्याचं बिल २००९ मध्ये आलं. वय अठ्ठेचाळीस. रोल बदलायचं काम चालू होतं, मी वाकून एक बोल्ट बघत होतो आणि उठताच येईना. दोघांनी धरून बाहेर आणलं. तपासणीत कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकल्याचं निघालं. पट्टा, गोळ्या, सक्तीची विश्रांती. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, "दुखणं उतरलं की व्यायाम सुरू करा, पण शिकून करा." यातला "शिकून" हा शब्द मी घरी येईपर्यंत विसरलो.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका मैदानावर मोठं शिबिर लागलं. मोठा मांडव, लाऊडस्पीकर, माणसंच माणसं. मीही नवी निळी चटई घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी पश्चिमोत्तानासन होतं. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून अंगठे धरायचे. शेजारी एक साठीचे गृहस्थ कपाळ गुडघ्याला लावून बसलेले. माझे हात पोटरीच्या पुढे जाईनात. मला लाज वाटली. तेवढ्यात एक स्वयंसेवक आला आणि "थोड़ा और, थोड़ा और" म्हणत त्याने माझ्या पाठीवर दाब दिला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला माझी गादी दिसत नव्हती आणि मीही ती सांगितली नव्हती. अंगठे हाताला लागले. पुढचे तीन आठवडे मी पलंगावर होतो.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर, पाठीला बाक काढून पुढे वाकलं की दोन मणक्यांमधल्या गादीवर पुढच्या बाजूने दाब येतो आणि आतला मऊ भाग मागे, मज्जातंतूंच्या दिशेला, रेटला जातो. ज्याची गादी आधीच मागे सरकली आहे त्याने नेमकं तेच करायचं नसतं. मेंटेनन्सवाल्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. तडा गेलेल्या भागावर कोणी लोड टेस्ट घेतो का?

तेव्हा मी चटई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि सगळ्यांना सांगत सुटलो की योगबिग सब बकवास है. कदाचित आजही तेच म्हणत असतो. पण आमच्याच स्ट्रीटवर एक काकू राहायच्या. सासर भिलाईचं, माहेर नागपूरचं. त्या नागपूरला रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकल्या होत्या. इथल्या बऱ्याच जणांना ते मंडळ ठाऊक असेल. १९५१ पासून तिथे योग विनामूल्य शिकवतात. काकूही कुणाकडून पैसा घेत नसत. त्या आमच्या सौ.कडे हळदीकुंकवाला आल्या होत्या, मला पट्टा बांधून बसलेला पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी सकाळी पावणेसहाला या. आणि येताना तुमचे ड्युटीचे जुने बूट घेऊन या."

मला वाटलं, बूट कशाला? गेलो घेऊन. काकूंनी बूट उलटे करून दाखवले. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली, उजवा जवळजवळ नव्यासारखा. म्हणाल्या, "पंचवीस वर्षं तुम्ही डाव्या पायावर उभे आहात. आधी उभं राहायला शिका." आणि भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून मला उभं केलं. ताडासन! दुसरं काही नाही. दोन्ही तळव्यांवर सारखा भार. मंडळी, मी तुम्हाला खरं सांगतो, दोन मिनिटांत माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. तीस टनाचा रोल क्रेनने बसवणारा माणूस, आणि त्याला सरळ उभं राहता येईना.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला एकही मोठं आसन करू दिलं नाही. बसून पायाची बोटं वाकवा, घोटे फिरवा, गुडघे हलवा, खांदे फिरवा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा आणि पोटावर हात ठेवून श्वास बघा. श्वास घेताना पोट वर, सोडताना खाली. मी उलटं करायचो. त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "लहान बाळाला जमतं, तुम्हाला का नाही जमत?" मग गुडघे-तळहातांवर रांगत्या बाळासारखं होऊन पाठ वर-खाली करणं, म्हणजे मार्जारासन. मग पालथं पडून मकरासन. महिनाभराने भुजंगासन, तेही नाभी जमिनीला ठेवून, हातांवर जोर न देता, जेमतेम छाती उचलण्यापुरतं. मग एकेका पायाने शलभासन. पश्चिमोत्तानासनाचं नाव त्यांनी वर्षभर काढलं नाही. आणि उठताना कधीही सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं आणि हाताने रेटा देऊन बसायचं. ही एक सवय आजही पलंगावरून उठताना माझ्या उपयोगी पडते. ज्यांची कंबर दुखते त्यांनी निदान एवढी तरी उचलावी.

काकूंचं एक माप होतं. आरसा नाही, शेजारचा माणूस नाही, फक्त श्वास. पुढे वाकताना श्वास सोडायचा, मागे वळताना घ्यायचा, आणि आसनात थांबल्यावर तो शांत चालला पाहिजे. श्वास अडला, दात आवळले गेले, की आपण एक इंच जास्त गेलो असं समजायचं आणि परत फिरायचं. वाकता येईल तेवढंच वाकायचं.

पुढे कुतूहल वाटलं म्हणून मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं की काकू काही मनाचं सांगत नव्हत्या. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांवर तीनच सूत्रं आहेत, आणि त्यांत पाय डोक्यामागे नेण्याची भाषाच नाही. आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढंच म्हटलं आहे. हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनं येतात, घेरंडसंहितेत बत्तीस. आपण दूरदर्शनवर बघतो तो सगळा विस्तार बराचसा नंतरचा. आणि त्याच प्रदीपिकेत एकीकडे म्हातारा, आजारी, दुबळा अशा कुणालाही अभ्यासाने योग साधतो असा धीर दिला आहे, तर दुसरीकडे प्राणायाम चुकीचा केला तर उचकी, दमा, डोकेदुखी मागे लागते असा इशाराही दिला आहे. आपण धीर तेवढा घेतो, इशारा वाचत नाही.

मराठी माणसाला या विषयात अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. क्रिया करताना शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी एक्स-रे काढून आणि आतला दाब मोजून पाहिलं, आणि 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिक काढून ते छापलं. चमत्कार सांगण्यापेक्षा मोजून सांगणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. दुसरे बी. के. एस. अय्यंगार. जन्म कर्नाटकातल्या बेल्लूरचा, १९१८ सालचा. लहानपणी क्षय, मलेरिया सगळं होऊन गेलेलं, काडीसारखी प्रकृती. १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच राहिले. ज्याचं शरीर वाकत नाही त्याच्यासाठी त्यांनी दोर, पट्टे, खुर्च्या, घोंगड्या वापरात आणल्या. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. वडिलांच्या जुन्या खाटेची नवार होती. ती पायात अडकवून दोन्ही टोकं हातात धरली की पाठीवर झोपून पाय सरळ वर उचलता येतो आणि पाठीवर ताण येत नाही. ती नवार मी आज आणली आहे, कार्यक्रमानंतर बघा. फुकटचं साधन आहे.

दोन वर्षांत माझी पाठ ताळ्यावर आली. पेनकिलर सुटली. रात्रपाळीचं काय करायचं हा प्रश्न होता. रात्रपाळी करून आल्यावर आसनं करायची नाहीत, नुसतं शवासन करून झोपायचं, असं काकूंनी ठरवून दिलं होतं. शवासनात मी पहिल्या दिवसापासून तरबेज होतो. वर्गातल्या महिलांना माझं घोरणं ऐकू यायचं, एवढीच तक्रार. आणि पोट रिकामं पाहिजे, जेवणानंतर तीन-चार तास तरी सोडायचे. पोहे हादडून भुजंगासन केलं तर काय होतं ते एकदा करून पाहिलं आहे, त्याबद्दल इथे बोलत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगू की नको, याचा दोन दिवस विचार केला. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारलं, ते म्हणाले, "सांग, आणि मी समोर बसतो." ते समोर बसले आहेत.

डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला आणि २१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस झाला. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडेही केवढा उत्साह होता. मला पांढरा टी-शर्ट घालून मंचावर बसवलं होतं. "हे बघा, यांची पाठ मोडली होती." त्या दिवसापासून माझ्या अंगात थोडं वारं शिरलं. चहाच्या टपरीवर, कॅन्टीनमध्ये, मी लोकांना सल्ले द्यायला लागलो. त्यात हा माझा मित्र. एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच शॉपमध्ये काम केलं. त्याला रक्तदाब, रोज एक गोळी चालू. मी त्याला म्हटलं, "कशाला जन्मभर गोळ्या खातोस? माझी पेनकिलर सुटली, तुझीही सुटेल. सकाळी ये माझ्याबरोबर."

तो आला. मनापासून आला. माझ्यापेक्षा नियमित. वर्षभरात वजन उतरलं, झोप सुधारली, रक्तदाब मोजला तर १२६/८२. आम्ही दोघांनी ते आकडे बघून जिलेबी खाल्ली. तो म्हणाला, "आता गोळीची काय गरज?" मी काय म्हणालो ते मला स्वच्छ आठवतं. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना?"

२०१६ च्या पावसाळ्यात त्याने गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, वहिनींनाही सांगितलं नाही. त्याला काही त्रास होत नव्हता. रक्तदाब हा असा चोर आहे की तो पावलं वाजवत नाही. आणि १२६ हा आकडा त्या गोळीसकट होता, हे आम्हा दोघा इंजिनिअरांच्या डोक्यात आलं नाही. यंत्राचं तापमान कूलिंग चालू असताना नीट दिसतं, म्हणून कोणी कूलिंग बंद करतो का? मिलमध्ये असं कोणी केलं असतं तर आम्ही त्याला चार्जशीट दिली असती.

जानेवारी २०१७. थंडीत रक्तदाब तसाही वर चढतो. पहाटे पावणेसहाला तो वर्गाला आला नाही. साडेसहाला वहिनींचा फोन. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता, बोलणं कळत नव्हतं. दवाखान्यात रक्तदाब निघाला २१०/१२०. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. अकरा दिवस तो आयसीयूमध्ये होता. चौथ्या दिवशी बाहेरच्या बाकावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, गोळी सोडायला तुम्ही सांगितलं होतं का?" आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "सोड असं म्हटलं नाही." आणि मग म्हटलं, "पण सोडू नको असंही म्हटलं नाही." त्या काहीच बोलल्या नाहीत, डबा माझ्यापुढे सरकवला. तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही.

मी काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्यापासून मी येणार नाही. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमची पाठ तुमची होती. त्याचा रक्तदाब त्याचा. तुम्ही तुमचं औषध त्याला दिलंत. याल तर या, पण यापुढे वर्गात नव्या माणसाला पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा." तेव्हापासून मी तोच प्रश्न विचारतो. वहीत लिहूनही घेतो. काय आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, ऑपरेशन काय झालं आहे. ज्याला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्याला जोराने कपालभाती नाही, श्वास रोखून धरणं नाही, डोकं खाली करून उभं राहणं नाही. हर्निया असेल तर कपालभाती नाही. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नाही, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. कपालभाती तर प्रदीपिकेतही शुद्धिक्रियांत मोडते, प्राणायामात नाही. आपण मात्र ती पहिल्या दिवशी पहिली करतो, कारण घाम येतो आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. योगाने रक्तदाब थोडा उतरतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. गोळी कमीही होऊ शकते. पण ती कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, मोजून. चहाच्या टपरीवर नाही.

माझा मित्र सात-आठ महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागला. बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं, हात अजून पूर्ण उचलत नाही. २०१८ च्या संक्रांतीला तो स्वतःहून वर्गात आला. मी दारात उभा होतो, मला काय बोलावं कळेना. त्यानेच विचारलं, "वही कुठाय तुझी? लिही. रक्तदाब, पक्षाघात, दोन गोळ्या सकाळी, एक रात्री." मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी मलाच वाचता येत नव्हतं.

तो खुर्चीवर बसतो. डाव्या हाताने उजवा हात धरून वर नेतो, श्वास घेत. खाली आणतो, श्वास सोडत. दहा वेळा. एवढाच त्याचा योग. पहिल्या वर्षी हात छातीपर्यंत यायचा, आता कपाळापर्यंत येतो. काल आरतीला त्याने दोन्ही हात जोडले ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

काकू २०१९ मध्ये मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. वर्ग आता मी आणि सौ. चालवतो. २०२१ मध्ये रिटायर झाल्यापासून पाळीची अडचणही राहिली नाही. वर्गात सध्या बावीस जण आहेत, निम्मे मराठी, बाकी तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी. सूचना हिंदीत आणि ओरडा मराठीत.

विसर्जनानंतरच्या सोमवारी याच हॉलमध्ये नवीन लोकांसाठी सुरुवात करतो आहोत. वेळ पहाटे पावणेसहा. घरातली सतरंजी चालेल, निळी चटई आणायची गरज नाही. माळ्यावर माझी एक आहे, हवी असेल त्याने न्यावी. पोट रिकामं ठेवा, एकवीस मोदकांचा हिशोब त्याआधी पूर्ण करून घ्या. चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणा. आणि हो, जुने बूट आणायला विसरू नका.

आरतीची ताटं आलेली दिसतात. मी थांबतो.